चार पायऱ्या की दहा भूमी?

इगतपुरीचं १० दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली मैत्रीण आता तिबेटी बौद्ध परंपरेबद्दल वाचतेय. "थेरवाद धरू की महायान?" असं विचारत होती. थेरवाद ही बौद्ध धर्मातली जुनी शाखा, विपश्यना तिच्यातली; महायान नंतरची, तिबेटी परंपरा तिच्यातली.

ध्येय पाहिलं तर थेरवादात अर्हत्त्व, म्हणजे स्वतःची दुःखमुक्ती. महायानात सर्वांच्या मुक्तीसाठी स्वतः बुद्ध होणं. पण तेवढ्यावरून थेरवादी स्वार्थी ठरवणं मला पटत नाही, मैत्रीभावना (सर्वांचं भलं चिंतणं) तिथेही आहेच.

प्रगतीच्या मोजमापात थेरवाद चोख, चार पायऱ्या. एकूण १० संयोजनं, म्हणजे मनाच्या बेड्या. सत्कायदृष्टी ('हे शरीर-मन म्हणजेच मी' हा समज), शंका आणि व्रत-कर्मकांडावरची भिस्त या तीन तुटल्या की स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात शिरलेला. पुढे फार तर ७ जन्म. कामवासना आणि द्वेष क्षीण झाले की सकृदागामी (एकदाच परतणारा), मुळापासून गेले की अनागामी (इथे न परतणारा), दहाही बेड्या तुटल्या की अर्हत. महायानात प्रमुदितेपासून धर्ममेघेपर्यंत १० भूमी, म्हणजे टप्पे; प्रत्येकीला एक पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा गुण, पहिलीला दान. तिथे काय सुटलं यापेक्षा काय वाढलं ते बघायचं.

वेळ? बोधिसत्त्वाला, म्हणजे महायानात बुद्धत्वाकडे निघालेल्याला, तीन असंख्येय (मोजता न येणारे) कल्प! महायानातलाच तांत्रिक मार्ग असलेलं वज्रयान बुद्धत्व याच जन्मी शक्य म्हणतं, पण गुरूची दीक्षा हवी.

स्वतःच्या गाठी एकेक सोडवायच्या असतील तर थेरवाद; डोळे मिटले तरी इतरांचंच दुःख समोर येत असेल तर महायान. मैत्रिणीला मात्र तूर्त शिबिरात शिकलेल्या श्वासाच्या ध्यानावरच राहा म्हटलं.