ट्रॅक्टर गॅरेजसाठी मोठी टूल ट्रॉली: पेटी पास, चाकं नापास

पेटी घेण्यासारखी आहे, तिच्याखालची चाकं नाहीत. घाईत असाल तर एवढं वाचून पुढे गेलात तरी चालेल. पण खिशातून साठ हजारांच्या आसपास जाणार असतील तर बाकीचंही वाचा. या वस्तूत दुकानदार दाखवतो ते वेगळं आणि आपल्याला रोज लागतं ते वेगळं.

सावदा-फैजपूर पट्ट्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून आमचं गॅरेज. काम ट्रॅक्टरचं, रोटाव्हेटरचं आणि केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकांचं. केळी थांबत नाही, त्यामुळे ट्रक उभा राहिला की व्यापारी आणि ड्रायव्हर दोघंही डोक्यावर उभे. अशा वेळी १८-१९चा रिंग पाना शोधण्यात पोरांची पळापळ झाली की माझं डोकं फिरतं. आजवर सगळा संसार पत्र्याच्या उघडझाप पेट्यांत आणि भिंतीवरच्या खिळ्यांवर होता. म्हणून ही अकरा ड्रॉवरची, साडेतीन फूट रुंद ट्रॉली घेतली. उतरवताना एक जुने गिऱ्हाईक आबा बघत होते. म्हणाले, "काय रे भो, पोरीच्या लग्नाचं कपाट गॅरेजातच उतरवलं का?"

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच सांगाडा मी वेगवेगळ्या स्टिकरखाली, वेगवेगळ्या भावात पाहिला आहे. रंग बदलतो, हँडलची पट्टी बदलते, आत माल तोच. त्यामुळे नावापेक्षा काय तपासायचं ते सांगतो.

पहिला पत्रा. दुकानदार म्हणाला, "भाऊ, १८ गेज आहे, डोळे झाकून न्या." डोळे उघडे ठेवून खिशातला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) काढला. बॉडीची कड १.३५ एमएम भरली. पावडर कोटिंगचा थर एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दीडशे मायक्रॉनच्या आत-बाहेर. तेवढं वजा केलं की पत्रा उरतो १.२, म्हणजे १८ गेज खरंच. मग ड्रॉवर ओढून त्याची कड मोजली, ती ०.९५. वजाबाकी करून ०.८, म्हणजे २२ गेजच्या आसपास. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या पोरांना उलटं वाटतं. दुकानदाराला दाखवलं तर हसला, "ड्रॉवरचं कोण विचारतं?" आपण विचारायचं. पाने ड्रॉवरमध्ये राहतात, बॉडीत नाही. इथे ड्रॉवरच्या तळाला आडवी पट्टी स्पॉट वेल्ड केलेली आहे, म्हणून ०.८ चालून गेलं. पट्टी नसती तर पाऊण इंची ड्राइव्हच्या गोट्या (नटावर बसणारे सॉकेट; ड्राइव्ह म्हणजे हँडलचं चौकोनी टोक) ठेवल्यावर तळाला पोट आलं असतं.

आता चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या. माझ्या मते पेटीचा जीव यातच आहे. या ट्रॉलीला ४५ एमएमचे बॉल बेअरिंग टेलिस्कोपिक चॅनल आहेत, ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो. जोडीला ४५ किलो सांगतात. हा आकडा एका जोडीचा असतो आणि वजन सारखं पसरलेलं धरून काढलेला असतो. सगळे पुलर (बेअरिंग ओढून काढायची जड हत्यारं) पुढच्या काठाला ढकलून ठेवले तर तो आकडा कागदावरच राहतो. खालच्या दोन खोल ड्रॉवरांना दुहेरी जोड्या दिल्या आहेत, ही या मालाची सगळ्यात चांगली गोष्ट. दुकानात बघायची पद्धत सोपी आहे: ड्रॉवर पूर्ण ओढा, पुढच्या काठावर तळहाताने जोर द्या, मग डावी-उजवीकडे हलवा. नाक खाली झुकलं किंवा आतून खडखड आली तर दुसरी पेटी बघा. रिकामा ड्रॉवर लोण्यासारखा सरकतोच, त्यावर भुलू नका. मी दुकानदाराच्याच काउंटरवरचे पाने भरून सरकवून पाहिला.

सगळ्यात वर एक अख्खा आडवा ड्रॉवर आहे, त्याखाली डावीकडे पाच रुंद आणि उजवीकडे पाच अरुंद. मी हाच नमुना घेण्याचं कारण तो वरचा ड्रॉवर. पाऊण इंची ड्राइव्हचा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना, जवळजवळ मीटरभर लांब असतो. दोन कप्प्यांत विभागलेल्या पेटीत तो कुठेच मावत नाही आणि मग तो पुन्हा कोपऱ्यात भिंतीला टेकतो. इथे तिरका ठेवला की बसतो. रेंच ठेवताना पोरांना एकच दम दिला आहे की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणूनच आत टाकायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि क्लिक खोटं बोलायला लागतं. वरचा ड्रॉवर एवढा रुंद असल्यामुळे एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो. दोन्ही हातांनी मधून ओढावा लागतो. ग्रीसच्या हातांनी घाईत हे जमत नाही, पोरं शिव्या घालतात.

चाकांवर मी खरा नाराज आहे. शेजारच्या केळी व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी पेटी ११२ किलो भरली. आत गेलेली हत्यारं टोपलीने मोजली तर अडीचशेच्या आसपास. म्हणजे एकूण ३६० धरा. कंपनी म्हणते चार चाकं, प्रत्येकी १०० किलो, म्हणून ४०० पर्यंत चालेल. पण कोबा कधीच आरशासारखा नसतो, चारातलं एक चाक बहुतेक वेळा अधांतरीच असतं. म्हणून भागाकार चाराने नाही, तीनाने करायचा. ३६० भागिले ३, चाकावर १२० किलो. १०० किलोचं चाक तिथे कसं टिकणार? एका स्विव्हल (सगळीकडे वळणाऱ्या) चाकाची कड चेपली आणि पेटी फरशीच्या सांध्यावर अडायला लागली. मी जळगावहून सहा इंची, पीयूची (पॉलियुरेथेनची) जड चाकं आणून बसवली. प्लेटची भोकं जुळली नाहीत, नवी पाडावी लागली. खर्च झाला, पण आता एका पोराने ढकलली तरी हलते. अर्थात ती रोज हलवायची वस्तूच नाही. जागेवर उभी ठेवायची आणि चालत्या कामाचे पाने छोट्या ट्रेवर घेऊन ट्रॅक्टरखाली जायचं.

गॅरेज धुतलं जातं म्हणून कोब्याला बाहेरच्या बाजूला ढाळ आहे. अशा ढाळावर कुलूप नसलेला ड्रॉवर आपोआप बाहेर येतो. याला शेवटी एक छोटा खटका आहे, रिकाम्या ड्रॉवरला तो पुरतो, भरलेल्याला नाही. लेव्हल बॉटल वर ठेवून पुढच्या चाकांखाली पत्र्याची पॅकिंग दिली आणि प्रश्न मिटला. पण इंटरलॉक, म्हणजे एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडू न देणारी सोय, यात नाही. आमच्या पोराने वरचे दोन भरलेले ड्रॉवर एकदम ओढले तेव्हा मागची चाकं उचलली गेली. पायावर आली असती तर पाय गेला असता. त्यानंतर पुलर, जॅक, मोठ्या गोट्या सगळं खालच्या दोन ड्रॉवरांत आणि पेटीच्या पाठीला पट्टी मारून ती खांबाला बोल्टने धरली. एवढ्या किमतीत इंटरलॉक द्यायलाच हवा होता.

आपल्याकडचा उन्हाळा या पेट्या बनवणाऱ्यांच्या हिशेबात नसतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वर पत्र्याची शेड, दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट दारातून आत. ड्रॉवरमध्ये दिलेला काळा फोम मऊ पडला आणि डिझेल लागून चिकटायला लागला. तो काढून टाकला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा रबर कापून टाकायचा सल्ला बरेच जण देतात, पण तो ऑइलने फुगतो, महिन्याभरात लाटा येतात. नायट्राइलची (तेलाला दाद न देणाऱ्या रबराची) शीट आणा, ऑइल-डिझेल खुशाल सांडू द्या. दुसरी गोष्ट, चॅनलला ग्रीस लावू नका. आपली काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये बसली की बॉल घासले जातात. रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि पातळ ऑइलचा एक हात, बस.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या मेकॅनिकांच्या भिंतभर पेट्या बघून पोरं हरखतात. स्नॅप-ऑनसारख्या १९२० पासूनच्या कंपनीच्या पेट्या आपल्या पैशात लाखांच्या घरात जातात. पण तिथे बऱ्याच ठिकाणी मेकॅनिक स्वतःची हत्यारं स्वतः विकत घेतो, पेटीही त्याचीच. आपल्याकडे हत्यारं गॅरेजची आणि हात चार जणांचे. म्हणून आपल्याला शोभेपेक्षा हिशेब लागतो. आम्ही डाव्या पाच ड्रॉवरांत पाने मापाने लावले, ६-७ पासून ३०-३२ पर्यंत, आणि नायट्राइलवर खडूने नाही तर ऑइल पेंटने प्रत्येकाचा आकार काढला. संध्याकाळी रिकामा आकार दिसला की ट्रक सुटण्याआधी त्याच्या इंजिनावर बघायचं. पाना तिथेच सापडतो.

कुलूप एकच, गोल चावीचं, मागच्या सळीने सगळे ड्रॉवर धरतं. एखादा ड्रॉवर अर्धा बोट बाहेर राहिला तर सळी बसत नाही, चावी फिरत नाही, आणि नवा पोरगा जोर लावून चावी वाकवतो. लहान पोरांच्या हातापासून वाचवायला ठीक, चोरासाठी ०.८चा पत्रा आणि एक पहार पुरेशी आहे. मी हँडलांतून उभी पट्टी घालून बाहेरून वेगळं कुलूप लावतो.

माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंतच आला, तिथून आणायचं आणि चेन कप्पीने उतरवायचं आपल्यालाच. एक कोपरा चेपलेला होता. विकणाऱ्याने फोटो मागितले, मग फोन उचलणं बंद केलं. कोपरा मीच ठोकून सरळ केला. तुम्ही गोडाऊनमध्येच खोका फोडून बघा आणि पावतीवर लिहून घ्या.

जळगाव एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडूनही भाव काढला होता. बॉडी त्याने जास्त जाड दिली असती आणि पैसेही कमी. पण त्याच्याकडचे नमुन्याचे ड्रॉवर काटकोनात नव्हते, आणि ड्रॉवर दोन एमएमने जरी तिरका असला तरी चांगल्यातला चांगला चॅनल अडतो. वर्कबेंच हवं असेल तर बिनधास्त त्याच्याकडे जा. फक्त मोटारसायकलचं काम असेल तर हे दोन्ही सोडा, सात ड्रॉवरची छोटी ट्रॉली भरपूर झाली. आणि हीच घेणार असाल तर भाव ठरवतानाच चॅनलची एक जादा जोडी पदरात पाडून घ्या, नंतर त्या लांबीची मिळायला फार फिरावं लागतं.