हलवता येणारी की बदलता येणारी? विद्यापीठाच्या आवारासाठी दोन बांधकाम पद्धती

उद्या गरज बदलेल हे गृहीत धरून विद्यापीठाच्या आवारात बांधकाम करायचे असेल, तर प्रामुख्याने दोन पर्याय समोर येतात. एक, कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून येणारी पेटी, म्हणजे कंटेनर किंवा तशाच मापाची खोली. दुसरा, जागेवर नटबोल्टने जोडायचा पोलादी सांगाडा आणि त्यावर बसणारी सुटी पॅनेल्स. पेटी हलवायला सोपी, सांगाडा बदलायला सोपा. या दोन गरजा एकच मानल्या की निवड चुकते.

पेटीचे ठळक उदाहरण म्हणजे ॲमस्टरडॅममधील कीटवोनेन ही विद्यार्थी-वसाहत. २००६ च्या सुमारास तेथे सुमारे १,००० कंटेनरांत विद्यार्थ्यांची घरे तयार झाली, प्रत्येकात स्वतंत्र न्हाणीघर आणि बाल्कनी. वसतिगृहासाठी हे माप चपखल बसते. वर्गासाठी मात्र नाही: ४० फुटी कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर भरते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी तीन कंटेनर शेजारी ठेवून मधले पन्हळी पत्रे कापावे लागतात, पेटीची ताकद मुळात त्याच पत्र्यांत असल्याने वेगळ्या तुळया घालाव्या लागतात आणि छतावर १२ मीटर लांबीचे दोन सांधे तयार होतात. कोकणातल्या पावसात असे सांधे कोरडे ठेवणे किती जिकिरीचे असते, हे पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्यांना सांगायला नको. कीटवोनेनमध्येही कंटेनरांवर वेगळे छप्पर घातले होते. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे अंटार्क्टिकावरील ‘भारती’ स्थानक १३४ कंटेनरांचे आहे, पण त्यालाही बाहेरून स्वतंत्र आवरण आहे. खर्चाचा अंदाज करताना हे आवरण विसरू नये.

सांगाड्याची खरी परीक्षा बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या इमारतीत झाली. १९६३ च्या वास्तुरचना स्पर्धेतून निवडलेल्या या इमारतीचे दर्शनी पत्रे फ्रेंच रचनाकार जाँ प्रूव्हे यांनी कॉर्टेन पोलादाचे योजले होते. गंजाचा थर पोलादाचे रक्षण करील ही अपेक्षा होती. पत्रे इतके पातळ होते की गंज आरपार गेला. तरीही पुढे ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने नूतनीकरण केले तेव्हा सांगाडा राखून पत्र्यांची जुनी कातडी उतरवता आली आणि कांस्याची नवी चढवता आली. माझ्या मते सांगाड्याच्या बाजूने याहून सबळ पुरावा नाही.

म्हणून भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील वसतिगृहासाठी किंवा तात्पुरत्या कार्यालयासाठी पेटी घ्यावी. वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांसाठी सांगाडा. पाया, नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या दोन्हींत जागच्या जागीच राहतात, त्यामुळे ‘संपूर्ण इमारत हलवता येते’ हा विक्रेत्याचा दावा तेवढ्या मर्यादेतच घ्यावा. निविदेत जागेवरचे वेल्डिंग टाळून नटबोल्टचे जोड, भिंतीबाहेरून जाणारी वायरिंग आणि सुटे करण्याचा क्रम दाखवणारे आराखडे मागावेत, आणि शेवटचे देयक देण्यापूर्वी इमारतीचा एक गाळा (एक सुटा भाग) प्रत्यक्ष उतरवून पुन्हा जोडून घ्यावा.