सदाशिव पेठेतील एक घरगुती खानावळ

स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या फलकांवर निवड झालेल्यांचे फोटो झळकत असताना, या खानावळीच्या भिंतीवर केवळ कालनिर्णय आहे आणि त्याच्या चौकटींत कोणाचा उपवास, कोणाचे पथ्य हे काकूंनी पेन्सिलीने टिपलेले असते. पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आल्यावर मी दोन दिवस जेवायला गेलो नाही, तेव्हा त्यांनी खोलीवर मऊ भात, मेतकूट आणि तुपाची वाटी पाठवली. निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही. आमटी कधीकधी फारच गोड होते आणि रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते (पुण्यात याचे नवल नाही). पोळ्या मात्र शेवटच्या पंगतीलाही गरम मिळतात. यंदा निवड झाल्यावर सत्काराचा नारळ घेऊन मी प्रथम इथेच आलो. काकूंनी तो दुसऱ्या दिवशीच्या चटणीत घातला.