सावंतवाडीच्या बचावपटूने गोव्यात जावे की मुंबईत?

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या ज्या मुलाला बचावपटू म्हणून व्यावसायिक फुटबॉल खेळायचा आहे, त्याला गोव्यातले म्हापसा एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल इतके जवळ आहे, तर मुंबई म्हणजे तुतारी एक्सप्रेसची रात्र आणि नातेवाइकांची खोली. तरीही केवळ अंतरावर निर्णय घेणे मला पटत नाही.

आपल्याकडच्या जांभ्याच्या मैदानावर घसरून चेंडू काढला तर मांडी सोलून निघते. त्यामुळे इथला बचावपटू उभ्यानेच वाट अडवायला शिकतो, आणि ही सवय मोलाची आहे. गोव्यात तिला लहान वयातच चांगली स्पर्धा मिळते. महेश गवळींसारखा मध्यबचावपटू त्याच मातीतला, आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो क्लबही तिथलाच. मात्र २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा स्थानिक खेळाडूंच्या बऱ्याच जागा गेल्या.

मुंबईतही महिंद्र युनायटेड हा क्लब २०१० मध्ये बंद झाला. म्हणजे क्लबांची शाश्वती तिथेही नाही. पण बचावपटू राहुल भेके मुंबईच्या क्लबांतून पुढे आला, २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात बेंगळुरूसाठी (तेही गोव्याविरुद्ध!) विजयी गोल करून गेला आणि पुढे मुंबई सिटीचा कर्णधार झाला.

सोळाव्या वर्षापर्यंत गोवा, त्यानंतर करार देईल तो क्लब, मग तो कोणत्याही शहरातला असो, असे माझे मत आहे.