काचेची वाटी की सीलबंद डबी? जुन्या गाडीचा गळका पेट्रोल फिल्टर

बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो आणि फिल्टरखाली ओल दिसते. काचेच्या वाटीचा मूळ फिल्टर नवं गॅस्केट (जोडातली सील करणारी चकती) टाकून चालवायचा, की तो काढून लाइनमध्ये सीलबंद फिल्टर बसवायचा, हा तिथे नेहमी पडणारा प्रश्न. इथला विचार फक्त कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत लाइनमधला दाब कितीतरी जास्त असतो, तिथे काच आणि साधं प्लास्टिक दोन्ही बाद. वाटी पंपाच्या डोक्यावरच असेल तर ती पंपाचाच भाग असते, मग गॅस्केट बदलण्याशिवाय इलाज नाही.

त्याआधी गळती खरंच फिल्टरची आहे का ते बघा. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली आणि अग्निशामक हाताशी, एवढी तयारी करून सगळे जोड कोरडे पुसा आणि एकेका जोडाखाली टिशू पेपर लावून ठेवा. ओल वरून ओघळत येते, त्यामुळे फिल्टरच्या नावावर खपलेली गळती बऱ्याचदा वरच्या नळीच्या चिरलेल्या टोकाची निघते. नळी दुमडून बघा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर फिल्टर कोणताही घेतलात तरी नळी आधी बदला.

काचेच्या वाटीची बाजू भक्कम आहे. पाणी आणि गंज तळाशी बसलेले डोळ्यांना दिसतात, जाळी धुऊन परत वापरता येते, आणि गाडी मूळ रूपात राहते. गॅस्केट बदलताना जुन्या कॉर्कच्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडा, स्क्रूड्रायव्हरने बैठकीवर ओरखडा पडतो आणि तिथूनच परत पाझर सुरू होतो. वाटीच्या काठावरून नख फिरवा. टवका लागला तर ती वाटी कितीही आवळली तरी गळणारच. काठ सपाट आहे का ते वाटी आरशावर उलटी ठेवून कळतं, डुगडुगली तर नाद सोडा. खालचा नट हातानेच आवळायचा. पाना लावला की काच तडकते, आणि कधी कधी ती तिथल्या तिथे न तडकता इंजिन तापल्यावर तडकते.

एवढं सगळं नीट करूनही एक कटकट उरतेच, आणि माझा निर्णय तिनेच फिरवला. जुनी गाडी रोज चालत नाही. ती आठवडेच्या आठवडे उभी राहते, तेवढ्यात वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि कॉर्क वाळून आकसतो. वाटी टाकी आणि पंप यांच्यामध्ये असेल, तर हा जोड बहुतेक वेळा ठिबकतही नाही. पंप ओढतो तेव्हा तिथून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मग सेल्फ मारत बसायचं, वाटीत बुडबुडे बघायचे, आणि दोष पंपाचा समजून चांगला पंप खोलायचा. थोडं चालवल्यावर कॉर्क पुन्हा फुगतो, जोड बसतो, आणि काहीच झालं नव्हतं असं वाटतं. पुढच्या खेपेला तेच. नायट्राइल रबराचं गॅस्केट वाळत नाही, पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुन्या दर्जाचं नायट्राइल फुगून नरम पडतं. वाटी ठेवायचीच असेल तर व्हायटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं गॅस्केट शोधा, त्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही जाळी धुवायला वाटी उघडली की जोड नव्याने बसवणं आलंच.

सीलबंद फिल्टरला उघडायचा जोडच नसतो, फक्त दोन टोकं. त्यात पारदर्शक प्लास्टिकचा मोहात पाडतो, कारण आतलं दिसतं. मला तो इंजिनच्या जवळ नको वाटतो. उष्णतेने प्लास्टिक कडक होतं, आणि नळी काढताना पिळली की निप्पल (नळी चढवायचं टोक) बुडातून तडकतो. ही चीर नळीच्या आत लपलेली असते, म्हणून क्लिप आवळत राहिलं तरी गळती थांबत नाही. पत्र्याच्या डबीला हा धोका नाही. आतला कागद वाटीच्या जाळीतून सुटणारी बारीक धूळही अडवतो, त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी निडल व्हॉल्व्ह अडकून पेट्रोल ओसंडण्याचे प्रकारही कमी होतात.

बसवताना मात्र घाई नको. लोखंडी पाइप हॅकसॉने कापू नका, कीस आत जातो. पाइप कटर वापरा आणि कापलेल्या टोकाला फ्लेअरिंगच्या हत्याराने हलका फुगवटा काढा. सपाट टोकावरून नळी घसरते. नळीचं भोक निप्पलच्या मापाचं हवं, बहुधा 6 किंवा 8 मिमी. नळी 20 ते 25 मिमी आत गेली पाहिजे आणि क्लिप फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे, फुगवट्यावर नाही. खाचा असलेली जुबली क्लिप रबर कातरते. गोल कडांची, नट-बोल्टची क्लिप बरी. इथेनॉलच्या पेट्रोलला एसएई जे30 आर9 दर्जाची नळी घेतलेली बरी, कार्ब्युरेटरला तिच्या दाबाची गरज नसली तरी. फ्लेअर नट (पसरट टोकाचा पाइप धरणारा नट) सोडताना दोन पाने लावा, एकाने अडॅप्टर धरायचा, नाहीतर पाइपच पिळतो. फ्लेअर जोडावर टेफ्लॉन टेप कधीही लावू नका. तिथे धातूवर धातू बसून सील होतं, आणि टेपचे धागे कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत (पेट्रोलच्या बारीक छिद्रापर्यंत) पोहोचतात. डबीवरचा बाण कार्ब्युरेटरच्या दिशेला हवा. डबी वजनदार असते, तिला ब्रॅकेट द्या, नळीवर लोंबकळत ठेवली की निप्पलशीच नळी फाटते. तापणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो.

गाडीला एसयू या ब्रिटिश कंपनीचा इलेक्ट्रिक पंप असेल तर कागदी फिल्टर पंपाच्या आधी लावू नका. तिथे तो पंपाच्या ओढीला अडथळा करतो. फिल्टर पंपाच्या पुढे घ्या, पण तिथला जोड दाबाखाली असतो, म्हणून क्लिपबाबत दुप्पट काळजी.

वाटी कुठे जिंकते तेही सांगायला हवं. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला तीच शोभते. टाकी आतून गंजलेली असेल तर डबी लवकर तुंबते आणि बाहेरून कळत नाही, चढावर गाडी दम टाकते तेव्हाच कळतं. अशा गाडीत टाकी साफ होईपर्यंत वाटी राहू द्यावी, असं मला वाटतं. टाकी स्वच्छ आणि गाडी अधूनमधून चालणारी असेल, तर माझा कल डबीकडे आहे.

काम झाल्यावर इंजिन चालवून लगेच एकदा बघा, पूर्ण तापल्यावर एकदा, आणि रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट करण्याआधी एकदा. जोडाला बोट लावून वास घ्या, कारण पेट्रोल उडून जातं आणि ओल दिसत नाही. डबी दर वर्षी बदला आणि जुनी डबी पेट्रोल आत येणाऱ्या बाजूने एका पांढऱ्या भांड्यात रिकामी करा. लाल कीस पडला तर पुढचं काम टाकीचं.