कॅलिब्रेशनला टाकलेला पंप बदलून आला

भाच्याने मुरबाडकडून जुना एचएमटी २५११ ट्रॅक्टर घेतला तेव्हा ताई म्हणाली, "तू आहेस ना बघायला, मग घेऊ दे." मी कळव्यात राहतो, पण इंजिनात हात घालायची हौस जुनी. हरियाणातल्या पिंजोरमध्ये झेटर या झेक कंपनीच्या तंत्रावर बनलेलं हे मॉडेल, २५ एचपी, दोन सिलिंडर. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून आपल्याकडे चांगला सुटा पार्ट सोन्यासारखा, आणि गंडवणारे बरोबर तिथेच टपलेले.

ट्रॅक्टर एका सेल्फला पकडायचा. धूर जरा काळा, एवढंच. तरी मीच म्हटलं, डिझेल पंप कॅलिब्रेट करून घेऊ, म्हणजे सिलिंडरना जाणारं डिझेल मोजून नीट जुळवून घेऊ. शिळफाट्याजवळच्या दुकानात टाकला. चार दिवसांनी आला तो नवरदेवासारखा सजून: जाड निळा रंग, नवं सील. साडेसहा हजार दिले.

पंप बसवल्यापासून सकाळी गार इंजिन कसंबसं चालू व्हायचं. तासभर नांगरून बंद केलं, की गरम इंजिन उचलायचंच नाही. दुकानदार म्हणाला, नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं, गेलेत. दोन्ही नवे घातले, फरक शून्य. शेवटी भिवंडीच्या एका म्हाताऱ्या फिटरला दाखवलं. तो म्हणाला, एलिमेंट, म्हणजे पंपात डिझेल दाबणारे दांडे (प्लंजर) आणि त्यांच्या नळ्या, झिजलेत, डिझेल गरम होऊन पातळ झालं की प्लंजरच्या कडेने निसटतं, प्रेशर धरत नाही. "हे कॅलिब्रेट केलं कुणी?"

तेव्हा आठवलं. आमच्या पंपाच्या खालच्या कोपऱ्यावर छिन्नीची खाच होती, रॉकेलने धुताना भाच्याचं बोट तिथे कापलं होतं. स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. खाच नाही. नंबरपट्टीच्या जागी दोन रिकामी भोकं.

दुकानदार ढिम्म. "काका, पंप तुमचाच आहे. पट्टी पडली असेल." पावतीवर काय? "पंप १ नग." फोटो आम्ही काढलाच नव्हता. भांडणार कशावर?

पंप कुठेही टाका, आधी नंबरपट्टीचा फोटो घ्या, तोच नंबर पावतीवर लिहून घ्या आणि बॉडीवर आपली एक खूण ठोका. बदललेले एलिमेंट परत मागा. जमलं तर टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, पंप लावतील तेव्हा शेजारी उभे राहा. खरा कारागीर हाकलत नाही.

दुसऱ्या पंपाचे पैसे मीच भरले. ताईला अजून सांगितलेलं नाही.