घरातला महायुद्धात गेलेला शिपाई शोधताना: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटचा अनुभव

ज्यांच्या घरातलं कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलं आणि परत आलं नाही त्यांनी बाकी कुठेही पैसे भरायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांमधून वारलेल्यांची थडगी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट बघा. फुकट आहे, अकाउंट वगैरे न काढता शोधता येतं, मोबाईलवर पण चालते. मी आधी एका दुसऱ्या वंशावळवाल्या साइटवर सबस्क्रिप्शन घेतलं होतं, तिथे गोऱ्या सोल्जरांचं ढिगाने सापडतं, आपल्या शिपायांचं जवळपास काहीच नाही.

आमच्या घरात पणजोबांच्या थोरल्या भावाबद्दल एवढंच माहीत होतं की ते "बसऱ्याच्या लढाईला गेले आणि तिकडेच राहिले". (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं.) फोटो नाही, पत्र नाही. आत्याकडे एक मेडल होतं, घोडेस्वाराचं चित्र असलेलं, चांदीचं. तुमच्याकडेही असं मेडल असेल तर पहिलं काम हे करा, त्याची कड बघा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवरच बारीक अक्षरात ठोकलेलं असतं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की वाचता येतं. आणि कृपा करून चिंच-रांगोळी लावून घासू नका, अक्षरं जातात. चांदीच्या ऐवजी ब्राँझचं तेच मेडल असेल तर माणूस लढाऊ पलटणीत नसून बहुतेक खेचरवाला, हमाल, भिस्ती असा फौजेच्या मागे राबणाऱ्यांमधला होता, तेही शोधताना उपयोगी पडतं.

आमच्या मेडलवर ११७ मराठा निघालं. इथे बरेच जण अडकतात कारण घरी सगळे म्हणतात मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि आपण तेच टाकून शोधतो. ती आजची रेजिमेंट १९२२ मध्ये जुन्या पलटणी एकत्र करून झाली, पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा नंबरांच्या वेगवेगळ्या पलटणी होत्या, साइटवर रेकॉर्ड त्या जुन्या नंबराखालीच आहे. महार समाजातल्या घरांनी १११ महार पण बघावं, ती १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली.

आता सर्चबद्दल. साधा सर्च वापरूच नका, अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जा, तिथे युद्ध, सैन्य इंडियन, रेजिमेंट असं निवडता येतं. आडनावाचं स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं आहे, चव्हाणमध्ये कधी व्ही तर कधी डब्ल्यू, शिंदेचा शेवट कधी ई कधी आय, आणि पुष्कळदा आडनावच नाही, नुसतं पांडू नाहीतर तुकाराम. त्यामुळे मी नाव सोडूनच दिलं. त्या पानावर अतिरिक्त माहितीचा रकाना आहे त्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकायचं, तिथेच खरा खजिना आहे. जिल्हा मात्र जुना टाका! रायगडवाल्यांनी कुलाबा, सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी, आणि वाळवा-तासगावकडच्यांनी सातारा. आलेली यादी एक्सेलसारखी डाउनलोड होते, ती घेऊन निवांत चाळत बसलो की एका रात्रीत अख्ख्या तालुक्याची पोरं डोळ्यासमोर येतात, आणि खरं सांगतो, वाचवत नाही. एकाच गावची, एकाच पलटणीतली.

आमचं रेकॉर्ड असंच मिळालं. वडिलांचं नाव, गाव, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. वडिलांचं नाव आमच्या जमिनीच्या जुन्या फेरफारात आहे त्याच्याशी जुळलं तेव्हा खात्री पटली. शंभर वर्षं ज्याच्याबद्दल घरात एक वाक्य होतं त्याचा हुद्दा, नंबर आणि तारीख समोर आली, आत्या तर कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

साइट लढाईची गोष्ट सांगत नाही, पण तारीख आणि पलटण हातात आली की ती आपल्याला लावता येते. तारीख होती २२ नोव्हेंबर १९१५. त्या दिवशी बगदादच्या खाली टेसिफोनला, म्हणजे सलमान पाकला, ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांवर हल्ला केला होता, त्यात ११७ मराठा होती, आणि त्याच डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० पण होत्या. माणसं इतकी पडली की डिव्हिजन मागे फिरून कुत-अल-अमाराला आली आणि ७ डिसेंबरपासून तिथे वेढ्यात अडकली, खायला घोड्याचं मांस उरलं जे आपल्यातले बरेच शिपाई खाईनात, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. आमचे त्या वेढ्याच्या आधीच गेले होते. तुमच्याकडची तारीख यानंतरची असेल आणि पलटण यातली असेल तर कैदेत वारले का हेही बघा, त्या कैद्यांचे फार हाल झाले.

आता जे खटकलं ते. रेकॉर्डवर लिहिलेलं असतं 'बसरा मेमोरियल', मग वाटतं तिथे कुठेतरी आपल्या माणसाचं नाव कोरलेलं असेल. नाही. त्या स्मारकावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, वारलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४०,००० पेक्षा जास्त लोकांची आठवण आहे, पण आपल्या साध्या शिपायांची नावं तिथे कोरलीच नाहीत, रेजिमेंटचं नाव आणि पुढे वारलेल्यांचा नुसता आकडा. गोऱ्या शिपायाचं मात्र नाव. नावं फक्त रजिस्टरमध्ये. कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच रिपोर्ट काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली, ते चांगलंच केलं, पण माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक भारतीय शिपायाच्या पानावर ठळक लिहायला हवी, घरच्या माणसाला ती दुसरीकडून कळू नये. दुसऱ्या महायुद्धात हे सुधारलेलं दिसतं, माणगावचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे यांचं नाव शोधून बघा, १० जुलै १९४४, इटलीतलं कॅसिनो मेमोरियल, तिथे नावं कोरलेली आहेत.

आणखी एक, इथे फक्त वारलेल्यांचीच नोंद आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत किंवा त्या सेवेमुळे गेलेले. जे जगून परत आले, पेन्शन खाल्ली, गावात पाटीलकी केली, त्यांचं इथे काही मिळणार नाही, त्यासाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला नंबरासकट पत्र लिहा आणि गावात 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले' अशी संगमरवरी पाटी आहे का बघा, आपल्याकडे चावडीवर, शाळेच्या भिंतीत अजून पुष्कळ ठिकाणी आहेत.

भाषा सगळी इंग्रजी आहे, हे पण लिहितो, कारण गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकट्याने जमणार नाही, घरातल्या कुणीतरी शेजारी बसून करून द्या. नावानिशी एक सर्टिफिकेट पीडीएफमध्ये मिळतं, ते आम्ही प्रिंट काढून आत्याला दिलं, आणि जुन्या रजिस्टरच्या पानाचा स्कॅन पण त्याच पानावर खाली असतो, तो आवर्जून उघडा, टाइप केलेल्या माहितीत सुटलेलं गाव त्यात कधीकधी असतं.

पाचपैकी चार स्टार. आमच्या गावाचं नाव त्यांनी चुकीचं लिहिलंय, दुरुस्तीसाठी पुराव्यासकट कळवता येतं, फेरफाराची कॉपी जोडून पाठवलीय.